श्वासाला रफू

नळ सोडलेला होता, म्हणून आधी मला वाटलं, शाम्पूची बाटली पडली. पण बाटली पडली म्हणून कुणाचं गाणं मधेच थांबत नाही. दार ढकललं तर आमचे हे वॉशबेसिन आणि भिंत यांच्या मधे पाय पसरून बसलेले, आणि ओठ शाई प्यायल्यासारखे निळे. श्वासाचा पंप तोंडाला लावला, पाठ चोळली, चक्क नावाने हाक मारली, जी मी लग्नानंतर कधी मारली नव्हती. बऱ्याच वेळाने ओठांवर रंग आला. तेव्हा माणसाने पहिलं वाक्य काय बोलावं?

"अजून थोडंच राहिलं होतं गं."

हे आपलं 'ये' धरून बघत होते. बाथरूममध्ये, नळ सोडून, म्हणजे मला ऐकू येऊ नये.

'ये' म्हणजे 'उद्या शनिवार' या आमच्या गाण्याचा शेवटचा शब्द. आमच्या म्हणजे 'ती आणि तो' यांच्या. कंपनीने आमची नावं छापलीच नव्हती. रेकॉर्डच्या पाकिटावर नुसतं 'ती आणि तो', खाली माझा फुगवलेला केशसंभार आणि यांचा बोटाएवढा बारीक टाय. साठ साल नुकतंच उलटलं होतं. तेव्हाची पॉप द्वंद्वगीतं अडीच मिनिटांची असायची आणि त्या अडीच मिनिटांत एक मुलगी, एक मुलगा, एक बसस्टॉप आणि फार तर एक टेलिफोन एवढाच कारभार. कुणी फार दुष्टपणा केला तर पत्राला उत्तर द्यायला विसरायचा. आमच्या गाण्यांत कधी कुणी मेलं नाही. एकाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने तिला होकार द्यायचा, आणि दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करणाऱ्या सभ्य माणसांसारखं दोन्ही आवाजांनी एकमेकांना वाट द्यायची. ती गाणी ऐकली की मला अजूनही गलबलून येतं. इतकं साधं जगणं कधी होतं की नाही कोण जाणे, पण अडीच मिनिटं होतं हे नक्की.

पुढे कानांवर केस आलेली पोरं गिटारी घेऊन आली आणि त्यांनी आम्हाला घरी बसवलं. घरी म्हणजे एकाच घरी, कारण तोवर आमचं लग्न झालं होतं. यांनी पडद्यांच्या कापडाच्या दुकानात नोकरी धरली आणि मी लेकीला वाढवलं.

आता हे 'ये' नीट सांगायला हवं, नाहीतर मी का घाबरले ते कळणार नाही.

रेकॉर्डिंगच्या खोलीत माइक एकच असायचा. हे एक पाऊल मागे उभे राहत, कारण आवाज भारी. मी पुढे, लाकडी खोक्यावर, कारण उंची बेताची. वाजवणारे कोपऱ्यात. कुणीही चुकलं की सगळं पहिल्यापासून. त्या दिवशी चुकत फक्त हेच होते. चाल बांधणाऱ्या मास्तरांना शेवटचं 'ये' व्हायोलिनं विरून जाईपर्यंत लांबवायचं होतं आणि यांचा श्वास दर वेळी व्हायोलिनांच्या आधीच संपायचा. एकदा तर झोकांडी जाऊन माझ्याच अंगावर आले. तेव्हा मास्तर मला म्हणाले, "पोरी, याच्या पाठीवर हात ठेव. पाठ आत जायला लागली की तू त्याच्याच सुरात हळूच शिर. तो श्वास घेईल, परत येईल, मग तू बाहेर नीघ. कोटाला रफू करतात ना, तसं. टाका दिसला तर मजुरी नाही."

यांचा वरचा सूर आणि माझा खालचा सूर बरोबर तिथे भेटायचे. मी रफू केलं. मास्तरांनी तिथल्या तिथे दोन-तीनदा ऐकलं आणि त्यांनाही टाका सापडला नाही.

पण कंपनीने पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलं, 'एका श्वासात!' झालं. शाळेतली मुलं घरी जाताना पैजा लावून 'ये' धरू लागली. रेडिओवर निवेदक कौतुक करून थकले. गावोगावच्या स्टेजवर मी यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची आणि लोकांना वाटायचं, काय ते प्रेम! प्रेम होतंच, नाही कशाला म्हणू, पण हात तिथे कामाला होता.

पुढे दुकानात गिऱ्हाईक यायचं, पडद्याचं कापड बघता बघता थबकायचं, "अहो, तुम्हीच ना ते, एका श्वासवाले?" हे मान लववून म्हणायचे, "हो, मीच तो." आधी हसत हसत म्हणायचे, घरी येऊन मला डोळा मारायचे. हळूहळू डोळा मारणं बंद झालं. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

आणि आता या वयात जुन्या रेकॉर्डींचं खूळ निघालं. आमच्या नातवंडांच्या वयाची मुलं तबकड्या विकत घेतात, आमच्यासारखे केस बांधतात. त्यातलीच एक आयोजक मुलगी घरी आली. चुणचुणीत, बोलणं लाह्यांसारखं तडतडणारं. शनिवारी दुपारचा कार्यक्रम, मोठं सभागृह, जुन्या द्वंद्वगीतांचा, आणि शेवट आमच्या गाण्याने. यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मला नाही म्हणवेना. तेव्हा बाथरूमचा प्रसंग घडायचा होता.

तो घडल्यावर मी यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, आणि यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलल्या.

"काकू, गाऊ देत. दोन ओळी गायल्या, थांबले, श्वास घेतला, काही बिघडत नाही. पण श्वास कोंडून धरायचा नाही. फुप्फुसांत आता तेवढी जागाच नाही. घरात पडले तेव्हा तुम्ही जवळ होतात म्हणून निभावलं."

"आणि परत झालं तर?"

"परत होऊ द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. याला उत्तर म्हणत नाहीत, पण मला कळलं.

त्या दिवसापासून मी झोपेतही कान उघडे ठेवून होते. हे जिन्यावर थांबले की माझा जीव खालीवर. पेपर वाचताना गप्प बसले तरी मी स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, आहात ना?" हे वैतागून म्हणायचे, "नाही, बाजारात गेलोय." लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, बाबांच्या आयुष्यात एवढंच एक उरलंय. तू जवळ असशीलच ना? मग?" आपल्याच पोटची, तिला काय सांगणार. तिलाही लहानपणापासून 'एका श्वासात'च माहीत. बापाचं कौतुक तिच्या डोळ्यांतून काढून घ्यायला मला हात उचलवेना. मी मनाशी म्हटलं, घाबरायचं काय त्यात? रफू आहेच की. नेहमीसारखं करू.

शनिवारी सकाळी तालमीला गेलो आणि माझं उरलंसुरलं अवसान गळालं. आता एक माइक नसतो. प्रत्येकाच्या गालावर काडीसारखा एकेक चिकटवतात. यांची जागा स्टेजच्या डाव्या टोकाला, माझी उजव्या टोकाला, उंच स्टुलावर, कारण माझे गुडघे. मधे फुलांची एवढी मोठी कुंडी. मागे पडदा, त्यावर यांचा चेहरा घराएवढा दिसणार.

"आणि काका शेवटचं 'ये' धरतील ना," आयोजक मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "तेव्हा पडद्यावर घड्याळ लावणार आहोत! सेकंद पळताना दिसतील. लोक वेडे होतील!"

यांनी छाती पुढे काढली. मी मुलीला बाजूला घेतलं. म्हटलं, "बाळ, घड्याळ नको. यांची तब्येत बरी नसते."

ती एकदम पांढरी पडली. "मग काकू, रद्द करायचं का? सगळी तिकिटं गेलीत, पण तुम्ही म्हणाल तर..." चांगल्या मनाची होती. मी हो म्हणणार तोच हे कुंडीला वळसा घालून आले. कान मात्र अजून तिखट.

"कुणाची तब्येत? हिला घाबरायची सवय आहे. पाल चुकचुकली तरी ही रुग्णवाहिका बोलावेल." मुलगी हसली, तिच्या तोंडावर रंग आला, आणि घड्याळ कायम राहिलं.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. आरशाभोवती दिवे लावलेले. त्या उजेडात यांचे ओठ मला पुन्हा निळसर वाटले. मी यांचा टाय सारखा करत म्हटलं, "हे बघा, कुंडी सरकवायला सांगते. मी तुमच्याजवळ येऊन उभी राहते. रफू करू."

"कसलं रफू?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. "कसलं म्हणजे? 'ये'चा."

"ते रेकॉर्डिंगच्या दिवशी केलं होतं एकदा. सर्दी होती मला. नंतर मीच तर धरत आलोय."

मी टाय सोडला. आरशात यांचे डोळे बघितले. त्यांत खोटं नव्हतं, खोटं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती. या माणसाला आता खरंच तसं वाटत होतं. माझा आवाज यांच्या आवाजात असा मिसळायचा की यांना स्वतःचाच ऐकू यायचा, आणि मधला श्वास हे सवयीने नाकाने घेऊन मोकळे व्हायचे. मी माझं काम इतकं चांगलं केलं होतं की ते कधी झालंच नव्हतं.

"अहो, प्रत्येक वेळी," मी म्हटलं. "प्रत्येक स्टेजवर. मी हात ठेवायची ते काय हवा खायला?"

"तू हात ठेवायचीस ते मला आवडायचं," हे म्हणाले, आणि मग आवाज चढला. "पण आज मधे यायचं नाही. तो ध्वनियंत्रावरचा मुलगा तिथे काचेमागे बसलाय. दोघांच्या आवाजाच्या रेघा त्याला वेगवेगळ्या दिसतात. तू शिरलीस की त्याला कळेल, आणि मग या पोरांच्या सगळ्या जगाला कळेल. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

गायकाने गळ्याची शपथ घालायची म्हणजे काय, ते गाणाऱ्याच्या बायकोलाच कळतं. मनात आलं, गळा राहायला आधी माणूस राहायला हवा. तोंडाने मी 'बरं' म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

कार्यक्रम मात्र सुंदर चालला. खोटं कशाला बोलू, मधे काही क्षण मी भीती विसरलेही. पुढच्या रांगांत आमच्या वयाची जोडपी होती. गाणं सुरू झालं की म्हाताऱ्या आपापल्या म्हाताऱ्यांच्या बाहीला धरायच्या. मागे ती फुगवलेल्या केसांची पोरं, त्यांना प्रत्येक शब्द पाठ. टेलिफोनच्या गाण्यात मी ओळ म्हटली, यांनी स्टेजच्या त्या टोकावरून होकार दिला, आणि तो होकार तसाच होता, वीस वर्षांच्या पोराचा, किंचित लाजलेला. मला वाटलं, यांनी मला परत त्या दिवसांत नेऊन सोडलं. मग गाणं संपलं आणि हे रुमाल तोंडाला लावून उभे राहिले, जरा जास्तच वेळ. लोकांना वाटलं, गहिवरले. मी यांचे खांदे बघत होते. खांदे श्वासासाठी उचलावे लागत होते.

'उद्या शनिवार' सुरू झालं. पहिलं कडवं यांचं, दुसरं माझं. मी काय गायले देव जाणे, माझं सगळं लक्ष तिकडे. मग दोघांची ओळ, आणि मग ते 'ये'.

पडद्यावर घड्याळ लागलं. लोकांनी एकदम श्वास रोखले. त्यांना रोखायला हरकत नव्हती. यांचा सूर छान लागला, भरलेला, सरळ. मी पडद्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर लपायला जागा नसते. कपाळावरची शीर वर आली. मग कान लाल झाले. मग कानांचा लाल गेला आणि जो रंग यायला लागला तो मी बाथरूमच्या फरशीवर बसून बघितला होता.

मी स्टुलावरून उतरले. गुडघ्यांनी बोंब मारली, मारू दे. कुंडीला वळसा घालून निघाले तर लोकांत कौतुकाची कुजबुज झाली. त्यांना तो पाकिटावरचा फोटो आठवला असणार. मला स्टेज संपेना. पोहोचले, कोटाखालून पाठीवर हात ठेवला. पाठ केव्हाच आत गेली होती. आत काही उरलंच नव्हतं. हा माणूस नुसत्या हट्टावर सूर धरून होता.

माझा हात लागताच यांनी खांदा झटकला. मी हात काढला नाही. मास्तरांनी शिकवलं होतं तशी यांच्याच सुरात हळूच शिरले, खालून, पातळ, मग भरत भरत. आता घ्या, मनात म्हणत होते, आता घ्या श्वास, मी धरलंय, कुणाला कळणार नाही. सूर सुरेख जुळला. घड्याळ पळत होतं, लोक टाळ्या वाजवायला लागले होते.

आणि हे थांबले नाहीत. यांना ऐकू येत होता तो सूर भरलेला होता, घट्ट होता, आणि तो आपलाच आहे याची यांना खात्री होती. मी जितकं चांगलं रफू करत होते तितका हा माणूस आतल्या आत रिकामा होत होता. माझ्या तळहाताखाली पाठ थरथरायला लागली. तेव्हा मला कळलं की मी वेगळी ऐकू येत नाही तोवर हे श्वास घेणार नाहीत.

मी सूर सोडला आणि वर गेले. वरच्या सप्तकात, जिथे यांचा आवाज आयुष्यात कधी पोहोचला नव्हता, तिथे माझ्या सगळ्या ताकदीने 'ये' म्हणून ओरडले म्हणा ना. गोड वगैरे नव्हतं ते. म्हाताऱ्या बाईचा फाटलेला, उघडा आवाज. सभागृहात त्या क्षणी बहिऱ्यालाही कळलं असतं की इथे दोन माणसं गाताहेत आणि खालचा आवाज बंद पडलाय.

यांचं तोंड उघडंच राहिलं. डोळे माझ्याकडे वळले. आणि मग यांनी श्वास घेतला. गालावरच्या त्या काडीने तो सगळ्या सभागृहाला ऐकवला, लांबलचक, खरखरीत, विहिरीतून दोर ओढावा तसा. एक, मग दुसरा. मी यांना कंबरेत धरलं. टाळ्या विरल्या. कुणीतरी पडद्यावरचं घड्याळ पुसलं. व्हायोलिनवाल्यांना काय करावं कळेना, त्यांनी बिचाऱ्यांनी वाजवत वाजवत शेवट केला. पहिल्या रांगेतला एक म्हातारा बायकोला म्हणाला, आणि माझ्या काडीनेच बहुतेक तो आवाज पकडला, "म्हणजे ती होती होय?"

मग लोक उभे राहिले. आधी मागची पोरं, मग हळूहळू सगळे. यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आयोजक मुलगी धावत आली. तिच्या मागे प्रेक्षकांत बसलेली आमची लेक, रडत. खोलीत नेऊन यांना खुर्चीत बसवलं, पंप दिला, बोटाला चिमटा लावला. आकडा हळूहळू चढला.

लेक पाणी आणायला गेली तशी यांनी मान वर केली. ओठ जागेवर आले होते. असे डोळे मी यांचे कधी बघितले नव्हते.

"एवढ्या सगळ्यांसमोर तू मला मारलंस," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आणि ते मला सांगायला तुम्ही आहात."

टॅक्सीत हे खिडकीकडे तोंड करून बसले. लेकीने दोनदा विषय काढला, मग ड्रायव्हरला रस्ता सांगू लागली. मला वाटलं होतं, आता भीती जाईल. ती गेली नाही, आमच्या मधे ऐसपैस बसली होती. हे माझ्याशी पुन्हा बोलतील की नाही, पुन्हा गातील की नाही, मला काही माहीत नव्हतं. पण रागावलेल्या माणसाचा श्वास मोठ्याने येतो-जातो. घर येईपर्यंत मी तो ऐकत बसले.